कुलूपबंद घरे आणि आकाशातला डोळा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची जेवणे झाली होती, आमरसाचा अंमल डोळ्यांवर चढत होता आणि पुण्यात बहिणीच्या घरी दिवाणावर आडवे होण्याच्या बेतात मी होतो. तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, झोपू नकोस. तुला एक काम देते. बसल्या बसल्या करायचं. डोकं लागत नाही, नुसते डोळे लागतात."

पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला, डोके लागत नाही अशा कामाचे भय वाटण्याचे कारण नाही. मी चष्मा पुसला आणि तिच्या टेबलाशी जाऊन बसलो.

पडद्यावर उत्तर प्रदेशातल्या कुठल्याशा जिल्ह्याचा, उपग्रहाने घेतलेला फोटो होता. गोधडीच्या तुकड्यांसारखी शेते, मधून गेलेली सडक, एक कालवा. काम असे, की या फोटोत जिथे जिथे वीटभट्टी असेल तिथे तिच्याभोवती माउसने चौकट आखायची आणि 'वीटभट्टी' या शब्दावर टिचकी मारायची. "ओळखायला सोपी असते," भाचीने सांगितले. "लंबगोल आकार, मध्यभागी धुराड्याचा ठिपका आणि त्याची लांबट सावली. एकदा नजर बसली की झालं."

बँकेतल्या सवयीने मी शेजारी कागद घेऊन पाच-पाच रेघांच्या जुड्या करत हिशेब ठेवला. तासाभरात चौसष्ट चौकटी. मी खूश. मग भाचीने तपासायला घेतले. त्यातल्या नऊ चुकीच्या निघाल्या. "मामा, ही शाळेच्या मैदानावरची धावपट्टी आहे. आणि हे तळं." शिवाय चार भट्ट्या माझ्या नाकासमोर असून मला दिसल्याच नव्हत्या. नऊ नोंदी खोट्या आणि चार नोंदी गाळलेल्या! नोकरीत असतो तर खुलासा द्यावा लागला असता.

"असे किती फोटो आहेत गं तुझ्याकडे?"

"हजारो," ती म्हणाली. "म्हणून तर माझा विषय हाच आहे, की माणसानं करायच्या या खुणा कमीत कमी कशा करता येतील."

त्या दुपारी झोप झाली नाही ती नाहीच. पण एका जुन्या, मनाच्या तळाशी गेलेल्या गोष्टीला या भट्ट्यांनी धक्का दिला. ती गोष्ट सांगण्याआधी वाचकांना थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे.

आपल्या पिढीने उपग्रह पाहिले ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरच्या तळावरून भारताचा नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, अवकाशात गेला. त्याच्यावर दोन प्रकारचे कॅमेरे होते आणि त्यातल्या चांगल्या कॅमेऱ्याला जमिनीवरचा सुमारे ३६ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन एका ठिपक्याएवढा दिसे. म्हणजे आमची अख्खी शाखा, मागच्या पिंपळासकट, एका ठिपक्यात गडप. त्यानंतर २७ नोव्हेंबर २०१९ रोजी गेलेल्या कार्टोसॅट-३ चा एक ठिपका म्हणजे जमिनीवरची जेमतेम वीतभर जागा. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह तर दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि त्यांचे फोटो जगात कोणालाही फुकट मिळतात. त्यांचा ठिपका दहा मीटरचा.

फोटोंचा असा पूर आला; पण ते वाचणार कोण? पूर्वी ही एक विद्या होती. विमानातून काढलेले फोटो वाचायला शिकवणारी संस्था १९६६ साली डेहराडूनला निघाली, डच सरकारच्या साहाय्याने. तिथे शिकलेला माणूस भिंग लावून सांगे, हा साग, हा साल, इथे जमीन खारावली आहे. असे जाणकार मोजके आणि फोटो अगणित. म्हणून हे काम संगणकाला शिकवायचे ठरले.

आता संगणकाला शिकवायचे म्हणजे काय? लहान मुलाला आपण अंगणात नेऊन हा काऊ, ही चिऊ असे दाखवतो. दोन-चार दिवसांत ते पोर स्वतःच बोट दाखवून सांगू लागते. संगणकालाही असेच दाखवावे लागते. फरक इतकाच, की पोराला चार कावळे पुरतात आणि याला चार हजारही कमी पडतात. प्रत्येक कावळ्याभोवती कोणा माणसाने चौकट आखून खाली नाव लिहिलेले असावे लागते. या कामाला त्या क्षेत्रात लेबलिंग म्हणतात. आपण खुणा करणे म्हणू.

या खुणांच्या डोंगराची कल्पना यावी म्हणून दोन उदाहरणे देतो. २००९ साली अमेरिकेत 'इमेजनेट' नावाचा चित्रसंग्रह जाहीर झाला. पुढे त्यातल्या चित्रांची संख्या एक कोटी चाळीस लाखांवर गेली. ती लावून, नावे देऊन घ्यायला १६७ देशांतली सुमारे पन्नास हजार माणसे इंटरनेटवरून कामाला लावली होती. दुसरे उदाहरण खास आकाशातून घेतलेल्या फोटोंचे. चीनमधल्या वुहान विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ साली 'डोटा' हा संग्रह निघाला. त्यात फोटो फक्त २,८०६. पण त्यातली विमाने, जहाजे, गाड्या, पूल, टाक्या धरून खुणा केलेल्या वस्तू १,८८,२८२. शिवाय आकाशातून पाहिले की वस्तूंना खालची-वरची बाजू राहत नाही. जहाज कुठल्याही दिशेला तोंड करून उभे असते, म्हणून चौकटही तिरकी फिरवून बसवावी लागते.

साध्या छायाचित्रांवर एक नीट चौकट आखून ती तपासून घ्यायला सुमारे ३५ सेकंद लागतात, असे संशोधकांनी मोजलेले आहे. तोच वेळ धरून मी आकडेमोड केली. एका माणसाने रोज आठ तास, चहालाही न उठता काम केले तर एवढ्या वस्तूंना २२९ दिवस. आणि ही माणसे कोण? आपल्याकडेही लहान गावांतून, घरी बसून किंवा एखाद्या कार्यालयाच्या हॉलमध्ये ओळीने बसून, मुले-मुली हे काम करतात. पैसे पुष्कळदा नगावर. म्हणजे भट्टीवर विटा पाडणाऱ्याला मजुरी हजारावर आणि भट्टीभोवती चौकट पाडणाऱ्याला नगावर, असा हा विचित्र मेळ आहे.

पण मुळात वीटभट्ट्या शोधायच्या कशाला? हा प्रश्न मीही विचारला. पाकिस्तानपासून उत्तर भारत, नेपाळ ते बांगलादेश असा एक पट्टा आहे. गाळाची माती, दगडाची वानवा, त्यामुळे घर बांधायचे तर वीटच. या पट्ट्यातली भट्टी बहुतेक एका ठरावीक घडणीची. बुल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७६ साली काढलेल्या पद्धतीची. लंबगोल खंदकात विटा रचायच्या आणि विस्तव त्या खंदकातून गोल गोल फिरवत न्यायचा. मध्ये धुराडे. धूर भयंकर, आणि कामावर उचल घेऊन अडकलेली कुटुंबे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आपल्याकडे १९७६ सालचा. पण कायदा राबवायला भट्टी कुठे आहे हे तर माहीत हवे? बहुतेकींची नोंद कुठेच नसते.

२०१८ साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या पट्ट्यातले काही चौकोन चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले, त्यांतल्या भट्ट्या उपग्रहाच्या फोटोवर माणसांकडून मोजून घेतल्या आणि त्यावरून साऱ्या पट्ट्याचा अंदाज बांधला: ५५,३८७ भट्ट्या. आमचे ऑडिटर शंभरातली दहा व्हाउचरे काढून शाखेची नाडी बघत, त्यातलाच प्रकार. पण अंदाज म्हणजे पत्ता नव्हे. इन्स्पेक्टरला पाठवायचे तर गावाचे नाव लागते.

तो पत्ता बांगलादेशात मिळाला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली त्या देशातल्या भट्ट्यांची ठिकाणे संगणकाकडून काढून घेतली. त्यांत ७७ टक्के भट्ट्या शाळेपासून एक किलोमीटरच्या आत निघाल्या. तिथल्या कायद्याने हे निषिद्ध! सरकारी नोंदींतल्या चुकाही त्यातून उघड झाल्या. आणि गंमत अशी, की या कामात प्रत्येक भट्टीभोवती चौकट आखली नव्हती. फोटोच्या तुकड्यावर फक्त 'यात भट्टी आहे' किंवा 'यात नाही' एवढाच शिक्का मारला होता. ती नेमकी कुठे आहे, हे यंत्राच्याच नजरेचा माग काढून ठरवले. तुम्ही मुलाला 'या खोलीत मांजर आहे' एवढे सांगितलेत आणि मांजर पलंगाखाली आहे हे ते कुठे टक लावून बघते त्यावरून कळले, असे काहीसे.

कष्ट वाचवण्याची ही एक युक्ती झाली. भाचीने त्या दुपारी आणि पुढच्या दोन संध्याकाळी मला आणखी काही सांगितल्या.

एक युक्ती हाताची आहे. चौकट कोपऱ्यातून ओढत आणण्याऐवजी वस्तूच्या अगदी वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकावर चार टिचक्या मारायच्या, चौकट आपोआप तयार. २०१७ साली हे मोजून पाहिले तेव्हा ३५ सेकंदांचे काम सातवर आले. माझे २२९ दिवस शेहेचाळीसवर उतरले. दुसरी युक्ती गाळलेल्या जागा भरण्याची. आपल्याला शाळेत नव्हते का, वाक्यातला शब्द गाळायचा आणि ओळखायचा? तसे खुणा नसलेले लाखो फोटो यंत्राला द्यायचे, त्यांचा काही भाग झाकून ठेवायचा आणि विचारायचे, इथे काय असेल? नदी इथपर्यंत आली आहे तर पुढे नदीच असणार, हे यंत्र आपले आपण शिकते. त्याला कोणी शिक्षक लागत नाही. पाया असा पक्का झाला की भट्टी शिकवायला हजारोंऐवजी थोडक्या खुणा पुरतात. २०२३ साली आयबीएम आणि नासा यांनी मिळून या पद्धतीने तयार केलेले एक यंत्र सर्वांना खुले केले. त्याचे नाव 'पृथ्वी'. आपला शब्द तिकडे पाहून बरे वाटले.

तिसरी युक्ती ऐकली आणि मी खुर्चीत सरळ बसलो, कारण ती मला तीस वर्षे येत होती! थोड्या खुणांवर यंत्र कच्चे-पक्के शिकवायचे आणि मग त्यालाच फोटो चाळायला लावायचे. ज्याची त्याला खात्री आहे ते त्याने बाजूला ठेवायचे आणि ज्याच्याबद्दल शंका आहे तेवढेच माणसापुढे आणायचे. माणसाने त्या शंकांचे निरसन केले, की तेवढ्यावर यंत्र पुन्हा शिकते. चौसष्ट सोप्या भट्ट्या दाखवण्यापेक्षा सहा अवघड भट्ट्या दाखवलेल्या अधिक उपयोगी पडतात.

"अगं, हे तर आमचं सहीचं कार्ड!" मी म्हणालो.

काउंटरवर दिवसाला दोन-अडीचशे चेक यायचे. पूर्वी प्रत्येक खातेदाराच्या नमुना सहीचे कार्ड खोक्यात लावून ठेवलेले असे. अधिकाऱ्याने प्रत्येक सही ताडायची म्हटली तर बँक रात्री बारापर्यंत उघडी ठेवावी लागेल. कारकून अनुभवी असला की नेहमीच्या सह्या तो डोळे मिटून ओळखी. शंकेची तेवढी घेऊन उठे. "साहेब, ही जरा बघता का? 'र' चा फाटा वेगळा वाटतो." मी बघे, खातेदाराला बोलावी, पुढच्या वेळी त्या कारकुनाला तो 'र' पाठ झालेला असे.

भाचीला हे इतके आवडले, की तिने वहीत लिहून घेतले. मग मी तिला दुसरी बाजूही सांगितली. जो कारकून शंका विचारतो त्याच्यापासून बँकेला धोका नसतो. जो पूर्ण खात्रीने चुकतो, त्याच्यापासून असतो. तो उठून येतच नाही. त्याच्या चुका माझ्या टेबलावर पोहोचतच नाहीत.

आणखी एक रोग मी बँकेत पाहिला होता. पीककर्जाच्या तपासणीला जायचा कंटाळा आला, की काही मंडळी गेल्या वर्षीचा अहवाल काढून उतरवून घेत. 'पीक समाधानकारक, विहिरीस पाणी पुरेसे.' विहीर आटून दोन वर्षे झालेली असत, पण कागदावर तिला पाणी असे. मागील पानावरून पुढे! यंत्रांच्या जगातही हे आता चालते. यंत्राने स्वतः केलेल्या खुणाच खऱ्या धरून त्यांवर पुन्हा यंत्र शिकवतात. याचा फायदा अफाट आहे. २०२३ सालच्या एप्रिलमध्ये मेटा कंपनीने एक कोटी दहा लाख चित्रांतल्या वस्तूंच्या एकशे दहा कोटी आकृत्या जाहीर केल्या. त्यातल्या ९९ टक्क्यांहून अधिक यंत्रानेच आखलेल्या. आधी माणसाने आखल्या, मग माणूस आणि यंत्र यांनी मिळून, मग एकट्या यंत्राने. माणसाच्या हातून एवढे काम सात जन्मांत झाले नसते. पण पहिल्या पानावरची विहीरच कोरडी असली तर?

हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला आणि ती जुनी गोष्ट वर आली.

साल १९८५. मी रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला, कामाची हौस असलेला. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची पाहणी करून यादी करायची आणि यादीतल्यांना शेळ्या, म्हैस, शिवणयंत्र यांसाठी कर्ज आणि अनुदान द्यायचे. आमच्या भागातल्या एका कातकरी वाडीची पाहणी ग्रामसेवक आणि मी मिळून केली. महिना जानेवारीचा. उद्दिष्ट मार्चअखेरचे असल्यामुळे पाहण्या जानेवारीतच होत.

वाडीत एकतीस घरे होती. त्यातल्या एकोणीस घरांना कुलूप, किंवा कुलूप नाही तिथे दाराला काटक्यांचा पाला. राहिलेल्या घरांत म्हातारी माणसे आणि एक आजारी बाई. आम्ही बारा कुटुंबांची नावे लिहिली आणि एकोणीस घरांपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'कुटुंब नाही'. अक्षर माझे होते. फटफटीवरून परतताना वाटेत एक वीटभट्टी लागली. तिथे बायका-माणसे चिखल तुडवत होती, पोरे कच्च्या विटा उलटवत होती. मी ती पाहिली. अगदी नीट पाहिली. पण त्या पोरांचा आणि त्या कुलपांचा संबंध माझ्या डोक्यात जुळला नाही.

जूनच्या पहिल्या पावसात एक बाई शाखेत आली. पदराने डोके पुसत काउंटरशी उभी राहिली. कोणीतरी शेळ्यांचे सांगितले होते तिला. मी यादी पाहिली, नाव नव्हते. "तुमच्या घराला कुलूप होतं," मी म्हणालो.

"साहेब, घर तर तिथंच हाय," ती म्हणाली. "आमी भट्टीवर व्हतो."

यादी बंद झाली होती. पुढच्या वर्षी पाहू, असे मी सांगितले. पुढच्या वर्षीची यादी मागील पानावरून पुढे उतरली आणि तोवर माझी बदलीही झाली. दिवाळी झाली की त्या घराने पुन्हा भट्टीवाल्याची उचल घेतली असणार. शेळ्या मिळाल्या असत्या तर ते चुकले असते असा दावा मी करणार नाही. त्या योजनेतल्या कित्येक शेळ्या कागदावरच मेल्या. पण निदान विचारायची वेळ तरी आली असती. ती वेळ माझ्या दोन शब्दांनी घालवली.

भाचीने हे सगळे ऐकून घेतले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने संगणकावर रायगड जिल्हा उघडला. तिचे यंत्र गंगेच्या खोऱ्यातल्या भट्ट्यांवर शिकलेले. तिने त्याला रायगडचे फोटो दिले आणि भट्ट्या शोधायला सांगितल्या. उत्तर आले, शून्य. शंकेचे म्हणून माणसाला विचारावे असेही काही नाही. यंत्राची पूर्ण खात्री!

"असं कसं?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, आपल्याकडे धुराडं कुठं असतं? लंबगोल तरी कुठं असतं?"

आपल्याकडची भट्टी म्हणजे विटांचाच रचलेला चौकोनी ढीग. मध्ये भाताचे तूस, कोळसा, लाकूड घालून पेटवायचा, बाहेरून लिंपायचा आणि जळू द्यायचा. थंड झाला की विटा उचलून न्यायच्या. भट्टीच नाहीशी होते, राहतो काळा डाग. कोकणातच नव्हे, दक्षिणेकडच्या बऱ्याच मुलखात अशीच पद्धत आहे. हे यंत्राला कोणी दाखवलेच नव्हते. त्याच्या लेखी भट्टी म्हणजे लंबगोल.

मग आम्ही दोघे अधिक स्पष्ट फोटो घेऊन बसलो. मला काय शोधायचे ते ठाऊक होते. ओढ्याकाठची सपाट केलेली जागा, कंगव्याच्या दातांसारख्या कच्च्या विटांच्या ओळी, राखाडी-काळे चौकोन, आणि कडेला भोंग्यांची रांग. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून, वर पाला टाकून केलेले मजुरांचे खोपटे. नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्यात कार्यकर्त्यांनी या मुलांसाठी 'भोंगाशाळा' चालवल्या होत्या, काही वाचकांना आठवत असेल. शाळा मुलांपर्यंत न्यायची तर मुले कुठे आहेत ते ठाऊक हवे. तासाभरात आम्हाला सात जागा सापडल्या. शून्याचे सात झाले.

तरी एका ठिकाणी आम्ही अडलो. मला पक्के आठवत होते, या वळणावर दर वर्षी भट्टी लागे. फोटोत हिरवेगार शेत. भाचीने कोपऱ्यातली तारीख पाहिली. फोटो ऑक्टोबरच्या सुरुवातीचा होता. भात उभे होते, भट्टीचा हंगाम सुरूच झाला नव्हता.

मी बराच वेळ त्या हिरव्या चौकोनाकडे पाहत राहिलो. चाळीस वर्षांपूर्वी मी जानेवारीत वाडीवर गेलो आणि माणसे भट्टीवर होती. आता आकाशातला डोळा ऑक्टोबरात भट्टीवर गेला आणि माणसे वाडीवर होती. आम्ही दोघांनीही तेच लिहिले: नाही.

वाचकहो, यंत्राला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. चौसष्ट चौकटी काढून माझे मनगट दुखायला लागले होते. हे काम दिवसचे दिवस करणाऱ्या मुलांचे कष्ट कमी झाले तर ते हवेच आहेत. कोपनहेगन विद्यापीठातल्या मार्टिन ब्रांट या संशोधकाने पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा-साहेल भागातली जवळजवळ ९० हजार झाडे आधी स्वतः हाताने आखून यंत्राला दाखवली आणि मग यंत्राने १३ लाख चौरस किलोमीटरमधली १८० कोटी झाडे एकेक करून मोजली. २०२० साली ते प्रसिद्ध झाले. त्याआधी तो मुलूख उजाड समजत. एका झाडाच्या खुणेवर वीस हजार झाडे दिसू लागावीत, हा चमत्कारच आहे, आणि तो कष्ट वाचवल्यामुळे झाला आहे.

माझे म्हणणे एवढेच, की वाचलेल्या कष्टांतले थोडे कष्ट कुठे घालायचे हे आधी ठरवले पाहिजे. यंत्र शंका विचारील तिथे माणूस बसवणे सोपे आहे. यंत्र विचारीत नाही, जिथे ते खुशाल 'काही नाही' म्हणून पुढे जाते, तिथेही चिठ्ठ्या टाकून काही चौकोन काढावेत आणि डोळे असलेल्या, तो मुलूख ठाऊक असलेल्या माणसाने ते बघावेत. ऑडिटर समोर ठेवलेले व्हाउचर तपासतो. फाडलेच न गेलेले व्हाउचर त्याला कसे सापडणार? त्यासाठी तिजोरीत हात घालून रोकड मोजावी लागते.

भाची हिशेबी आहे. ती म्हणाली, "मामा, माझे सर म्हणतील, खुणा कमी करायला निघालीस आणि वाढवून काय आलीस?" मी म्हणालो, "दहा तास वाचले तर नऊ खिशात टाक. एक तास या रिकाम्या चौकोनांना दे." तिने सरांना विचारले. पुष्कळ वाद झाला म्हणे. शेवटी दहात एक तास मंजूर झाला, आणि फोटो जानेवारी ते एप्रिलमधलेच घ्यायचे, हेही ठरले. सहीचे कार्ड आणि हा एक तास, एवढेच माझे त्या संशोधनातले योगदान. पण निवृत्त माणसाला पुरे आहे.

निघताना मी तिला आणखी एक विनंती केली. तिच्या तक्त्यात, जिथे यंत्राला काही सापडत नाही तिथे शेऱ्याच्या रकान्यात 'भट्टी नाही' असे छापून येत होते. ते मला बघवेना. म्हटले, तेवढे बदल. तिने माझ्यादेखत बदलले. आता तिथे येते, 'भट्टी दिसली नाही'.

एका शब्दाचा तर फरक. १९८५ साली मी 'कुटुंब नाही' ऐवजी 'कुटुंब भेटले नाही' एवढे लिहिले असते, तर पुढच्या वर्षी यादी उतरवून घेणाऱ्या कोणाला तरी वाटले असते, की एकदा जाऊन पाहावे.